चौथी सुई

टुक. सर्र. टुक. सर्र.

ताणलेल्या कापडात सुई शिरते तेव्हा टुक होतं, मागून दोरा येतो तेव्हा सर्र. मी अगदी लहान असताना गावाबाहेरच्या बागेत हा आवाज ऐकला. तिथे कुणीच बसलेलं नव्हतं. त्या आवाजाची ही गोष्ट, बाळांनो.

फार पूर्वी त्या बागेत तीन बाया दुपारी भरतकामाला बसत. लाकडी चौकटीवर त्यांनी निळंशार कापड खाटेसारखं ताणलं होतं. त्यावर त्या हिरवा-जांभळा मोर भरत होत्या. चौथं आसन रिकामं असे. ते चिमाच्या आईचं. आईची नजर गेली, तेव्हापासून त्यांच्या घरी चूल रोज पेटत नव्हती.

म्हणून एक दिवस आठ वर्षांची चिमा तिथे गेली आणि मला तुमच्यात घ्या म्हणाली. त्यांच्यातल्या मोठ्या भागाक्का. त्या म्हणाल्या, महिनाभर चौकटीखाली बसायचं, खाली आलेली सुई वर द्यायची. रोज दोन भाकरी मिळतील, महिन्यानं टाके शिकवू. पण एक टाका जरी उसवलास, तर पुन्हा इथे यायचं नाही.

चौकटीखाली निळा उजेड असे, तळ्याच्या तळाशी असावा तसा. वरचं बोलणं तिथे लांबून आल्यासारखं वाटे. चिमा इवल्या बोटांनी सुया वर देई. एकविसाव्या दिवशी तिनं सहज मोजलं. बाया तीन. सुया चार.

चौथी सुई रिकाम्या आसनाजवळ उतरली होती. चांदीची, केसासारखी बारीक. चिमानं ती धरली, तशी तिच्या बोटांवर गार, चिमुकली बोटं आली. बागेतली पाखरं एकदम गप्प झाली.

मोराच्या पिसाऱ्यामागे वीतभर उंचीची परी होती, काजव्यासारखी फिकट. तिचा पंख टाक्यांखाली शिवला गेला होता. तिला पावलं नव्हती. पावलांच्या जागी रुपेरी दोरा लोंबत होता, आणि त्याच दोऱ्याला ती सुई होती.

"मोर खरा वाटला, म्हणून पाठीवर बसले," परी म्हणाली. "आम्ही कापडाच्या उलट्या बाजूनंच दिसतो. बायांना मी दिसलेच नाही. आता रोज थोडी थोडी दोरा होत चालले आहे. तू काहीतरी माग. अडकलेल्या परीला द्यावंच लागतं. सुटलेल्या परीकडे मात्र मागता येत नाही."

"माझ्या आईला दिसू दे," चिमा म्हणाली.

"देईन. पण मग हे टाके कधीच सुटणार नाहीत. मी सगळीच दोरा होईन."

चिमाला आईचा हात आठवला. मुलगी घरी आली की तिचा चेहरा चाचपून बघणारा. तिचे डोळे भरून आले. रडत रडतच ती एकेक टाका उसवू लागली.

शेवटचा टाका निघाला आणि चौकटीखाली लख्ख झालं. कापडाला सुईनं पडलेल्या भोकाभोकांतून चांदण्यांसारखे कण चिमावर झरले. उजेड विरला तेव्हा परी नव्हती. चिमाच्या हातात फक्त चांदीची सुई होती.

भागाक्कांनी विचारलं, पिसारा कुणी उसवला. चिमानं सगळं खरं सांगितलं. दुसरी बाई हसली. म्हणाली, बरं झालं, उद्या मोरच उडून गेला म्हणेल.

"उद्यापासून येऊ नकोस," भागाक्का म्हणाल्या.

तेवढ्यात वाळकी पानं वाजली. चिमाची आई येत होती. एकटी, काठीशिवाय, शेवंतीचा वाफा चुकवत. तिच्या पापण्यांवर तेच चांदण्यांसारखे कण चमकत होते. ती आपल्या आसनावर बसली. चिमाचा चेहरा तिनं नुसता पाहिला, खूप वेळ, हात न लावता. मग चांदीची सुई घेऊन पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि पिसारा भरू लागली.

टुक. सर्र.

भागाक्का खाली वाकल्या. त्यांनी कापडाची उलटी बाजू पाहिली. तिथे एका चिमुकल्या पंखाचा ठसा अजून चमकत होता. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं आपलं पितळी अंगुस्तान काढून त्यांनी चिमाच्या बोटात घातलं. आणि आपलं आसन तिच्यासाठी सोडून, फुलझाडांमधून हळूहळू चालत निघून गेल्या.