चाळीस मुके शंख

एका राज्यात खाऱ्या पाण्याची आगरं होती आणि मीठ पिकवणाऱ्यांची एक सभा होती. सभा दर तीन वर्षांनी आपला मुख्य निवडी. ज्याला सभेला येणं जमत नसे तो आपलं मत शंखात बोले आणि शंख दुसऱ्या सभासदाच्या हाती देई. भरसभेत तो शंख धन्याच्याच आवाजात बोले. याचं कुणाला नवल नव्हतं.

पण बारा वर्षं मीठ काळं पिकत होतं. मुख्याच्या गादीवर अंजनमुख नावाचा मांत्रिक बसला होता. त्याच्यापाशी चाळीस शंख होते, चाळीसच्या चाळीस मेलेल्या माणसांचे, आणि त्याच्या मंत्रानं ते त्याचंच नाव घेत. धनी मेला की घरच्या माणसानं सभेत तसं सांगावं, मग शंख मुका होई, असा जुना नियम. पण सांगणार कोण? अंजनमुख दर अमावास्येला शंख घरोघर नेई आणि गेलेल्याचा आवाज घटकाभर ऐकवी. बायका तेवढ्यावर महिना काढीत.

त्या आगरावर चांगो राहत होता. आठ दिवसांपूर्वी त्याचा थोरला भाऊ हासू बांध फुटून वाहून गेला. बांध बांधा, म्हणून हासू तीनदा मुख्याकडे गेला होता. मुख्यानं तीनदा हसून परत पाठवला होता. हासूचा शंख तेवढा चांगोकडे उरला. चांगो तो कानाला लावी. आत हासू म्हणे, "चांग्या, जेवलास का रं?" चांगो म्हणे, "जेवलो." जेवलेला नसे.

निवडणुकीच्या दिवशी चांगो शंख घेऊन सभेत घुसला. मुख्यासमोर आगरावरची भागाबाय उभी होती. मेलेल्या भावाच्या मतानं मुख्याला पाडायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. निवडणूक चालवायच्या आसनावर अंजनमुख स्वतःच बसला होता, आणि आसनाच्या वर एक पिंजरा टांगलेला होता. त्यात म्हातारा करकोचा होता. अंजनमुखानं कोंडण्याआधी निवडणूक तोच चालवी, कारण त्याला आगर नव्हतं आणि मतही नव्हतं. चांगोनं पिंजऱ्यावर दगड घातला.

करकोचा बाहेर आला आणि म्हणाला, "तीन नियम आहेत. पहिला. उमेदवारानं स्वतःची निवडणूक चालवू नये."

"ऐकलंस?" चांगो अंजनमुखावर ओरडला. "ऊठ!"

त्यासरशी आसनानं अंजनमुखाला खाली टाकलं. करकोचा आसनावर बसला.

"दुसरा. एका हातात एकच शंख."

अंजनमुख हसला. त्यानं पोतं उलटं केलं, आणि चाळीस शंख उडून चाळीस घरांच्या हातांत गेले. "घ्या. आपापलं माणूस आपणच धरा," तो म्हणाला. "पण तोंड उघडाल तर कायमचं जाईल."

सगळ्यांनी शंख छातीशी धरले. कुणी तोंड उघडलं नाही.

"तिसरा," करकोचा म्हणाला. "मेलेल्याचं मत धरता येत नाही. चांगो, तुझ्या हातात कुणाचा शंख आहे?"

"हासूचा. त्याचं मत भागाबायला आहे. ती बांध बांधणार आहे. तिलाच जाऊ दे की हे मत!"

"हासू कुठं आहे?"

चांगोनं शंख पाठीमागं लपवला. भागाबाय खाली बसली होती. तिच्या हातात तिच्या नवऱ्याचा शंख होता. ती हळूच म्हणाली, "नको सांगूस, लेकरा. मला मुख्य व्हायचं नाही."

"बघ," अंजनमुख म्हणाला. "पोरा, माझे चाळीस चालू दे, तुझा एक मी चालू देतो. भाऊ तुझ्याकडं राहील."

चांगोनं शंख कानाला लावला. आत हासू काहीतरी विचारत होता. चांगोनं ते पुरतं ऐकलं. मग तो वेड्यासारखा ओरडला, "मेला! माझा भाऊ मेला! ह्यानं बांध नाही बांधला म्हणून मेला!"

शंख मुका झाला. चांगोनं तो हलवला, पुन्हा कानाला लावला. आत समुद्रसुद्धा नव्हता.

मग भागाबाय उठली. "माझा नवरा मेला," ती म्हणाली. तिच्यामागून एकेक घर उठलं. चाळीस वेळा सभेत तेच वाक्य झालं, आणि चाळिसाव्याला अंजनमुखाचं काळं मीठ झालं. वारा आला आणि ते घेऊन गेला.

करकोच्यानं सभासदांच्या वहीतून हासूचं नाव खोडलं आणि तिथं चांगोचं लिहिलं. "तुझं मत?"

"भागाबाय," चांगो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

तिथून पुढं आगरात मीठ पांढरं पिकलं, राजानं गावाला जेवण घातलं, आणि लोक सुखानं नांदले म्हणतात. भागाबायनं गादीवर बसताच बांध बांधायला घेतला. तीन दिवसांत तो उभा राहिला. तीनच दिवसांचं काम होतं ते.