गार पडलेला बांध

भर दुपार. अष्टमीची ओहोटी. खाडीचं पाणी लांब चिखलात मागे सरलेलं. बांधाच्या पश्चिम टोकाजवळ एक नवी सून अनवाणी उभी होती आणि तिच्या उजव्या पायाला गार लागत होतं.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, ज्या काळाची मोजदाद कुणी ठेवली नाही त्या काळातली. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

खाडीच्या काठी एक गाव होतं. गाव आणि समुद्र यांच्या मध्ये मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या अल्याड भातशेती, पल्याड खारं पाणी. एकदा जरी ते पाणी शेतात शिरलं, तर पुढचे तीन पावसाळे तिथे भाताचं पातं उगवत नसे. त्यामुळे गावात देव पुष्कळ असले, तरी सगळे घाबरत ते बांधाईला, म्हणजे बांधाच्या देवीला. देवीचा नियम एकच होता: बांधावर पायताण घालून चालायचं नाही.

'का' असं विचारायचं नाही, हा नियम मात्र देवीचा नव्हता. तो गावाने केला होता.

गावात बोलायच्या जागा दोन. उंडीच्या झाडाखाली दगडी पार होता. म्हाताऱ्यांना ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर दोन वर्षांपूर्वी मांडव घातला होता, चांगल्या जाडजूड खांबांचा. तिथे फक्त केस पिकलेल्यांनी बसायचं. काळ्या केसांचा माणूस पारापाशी उभा राही आणि विचारलं तरच बोले. विचारत कुणी नसे. मग तरुणांनी आपली जागा शोधली. किनाऱ्यावर एक फुटकी होडी उलथी पडली होती. तिच्यावर बसून ते म्हाताऱ्यांच्या नकला करत, आणि एखादा म्हातारा चुकून तिकडे वळला की सगळे मुके होत.

पारावरचे म्हणत, "पोरं वाया गेली." होडीवरचे म्हणत, "म्हाताऱ्यांना काही कळत नाही." गंमत अशी की दोन्हीकडे माणसं शहाणी होती. गावाची अर्धी अक्कल पारावर आणि अर्धी होडीवर, आणि मध्ये हाकेच्या अंतराएवढी वाळू.

त्या गावात येसू लग्न होऊन आली, डोंगरातल्या एका वाडीतून. लग्नानंतर नवरा गलबतावर गेला, तो बोलल्या दिवशी परतला नाही. विहिरीवर बायका कुजबुजू लागल्या, "पांढऱ्या पायाची दिसते." येसूच्या घरचं शेत नेमकं बांधाच्या पोटाशी, पश्चिम टोकाला. त्यातली लावणी तिने स्वतः केली होती आणि भात आता पोटरीला आलं होतं. ते पीक घरात आलं, तर विहिरीवरची तोंडं मिटणार होती. गेलं, तर तिला माहेरची वाट दाखवणार होते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं.

त्या दुपारी ती अनवाणी होती ती काही भक्तीने नव्हे. म्हातारे बघत नसले की तरुण मंडळी बांधावर खुशाल वहाणा घालून जात, तशीच तीही जायची. आज वहाणेचा अंगठा तुटला, एवढंच.

माती तव्यासारखी तापली होती. चटके चुकवत ती भराभर चालली होती आणि एकाएकी पावलाला बरं वाटलं. ती मागे आली. चटका. पुन्हा पुढे गेली. गार. वरची माती कोरडी ठणठणीत होती, पण खाली काहीतरी ओलं होतं.

दुसरी कुणी असती तर घटकाभर पाय निववून पुढे गेली असती. येसूला मात्र लहानपणापासून एक खोड होती. गोष्ट कशी आहे एवढ्यावर तिचं भागत नसे. ती तशी का आहे, हे कळेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे.

ती थेट होडीपाशी गेली. तिचा धाकटा दीर गोमा तिथे बसला होता.

"भावजी, पश्चिम टोकाला बांध गार का लागतो?"

होडीवर हशा पिकला. "वहिनी," गोमा म्हणाला, "पाय भाजला तरी तक्रार, निवला तरी तक्रार!"

"तक्रार नाही हो. विचारतेय."

"असेल ओल. पण खेकडे काय झकास मिळतात तिथे! काल बोटं चाटून कालवण खाल्लंत, ते कुठलं वाटलं तुम्हाला?"

येसूने जीभ चावली. कालवण खरोखरच चांगलं झालं होतं. "खेकडे बांधात राहतात?"

"पूर्वी नव्हते राहत. बांधाबाहेर चिखलात तिवरांचं रान होतं, त्यांच्या मुळांत असायचे. तिवरं तुटली. आता बिचारे बांध पोखरतात. आम्ही लोखंडी आकडा घालून ओढून काढतो."

"आणि बीळ?"

"बीळ कुठे जातंय? राहतं तिथेच. आकड्याने थोडं मोठंच होतं."

"हे मामंजींना सांगितलंत?"

गोमाने हात जोडले. "सांगायला गेलो की आधी विचारतील, बांधावर वहाणा घालून का गेला होतास. नको रे बाबा. तुम्हाला हौस असेल तर तुम्ही सांगा."

मामंजी म्हणजे धाकोजी. बांधाचा राखणदार, आणि त्याचा बापही राखणदार. गुडघे गेल्यापासून तो बांधावर चढला नव्हता. रोज पारावर बसून तो बांधाकडे पाही आणि बांध नीट आहे असं सांगे. लांबून कुठलाही बांध नीटच दिसतो.

पितृपंधरवडा चालू होता. येसू घरी आली तेव्हा म्हातारा अंगणात कावळ्याची वाट पाहत बसला होता.

"मामंजी, एक विचारू?"

"नको म्हटलं तर थांबशील?"

"नाही."

"मग विचार."

"बांधावर पायताण का घालायचं नाही?"

"बांधाई कोपते."

"कोपते म्हणजे काय करते?"

"काय करते म्हणजे? बांध फोडते!"

"एकदम फोडते? की आधी काही कळवते?"

धाकोजी वैतागला. देवीबद्दल असं कुणी विचारतं का? पण सुनेच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. पाण्यात मासा दिसल्यावर मूल वाकून पाहतं, तशी ती पाहत होती. त्याने आठवून पाहिलं. "माझा बाप म्हणायचा, बांधाई कोपायच्या आधी गार पडते. ती पायाला कळते..."

तो मध्येच थांबला. हे शब्द त्याने जन्मभर पूजेत म्हटले होते. आज पहिल्यांदा ते त्याला ऐकू आले.

"मामंजी," येसू हळूच म्हणाली, "ती गार पडलीय."

म्हातारा उठला आणि गुडघ्यांनी त्याला पुन्हा खाली बसवलं. "गोम्या!" तो ओरडला. "कुठे मेला तो? गोम्या!"

गोमाने बापाला पाठुंगळीला घेतलं आणि बांधावर नेलं. गोमाच्या पायात वहाणा होत्या. धाकोजीने त्या पाहिल्या, पण वरून पाहिल्यामुळे असेल, त्याच्या तोंडून शिवी निघाली नाही. पश्चिम टोकाला उतरून त्याने अनवाणी पाऊल ठेवलं, डोळे मिटले, टाच दाबली.

"खाली पोकळ आहे. बीळ आहे, आणि आरपार जायला आलंय. पण इथे खेकडे कधीच नव्हते!"

"आहेत की, आबा. तिवरं गेल्यापासून इथेच आहेत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"पारापाशी काळ्या केसाच्या माणसाला तुम्ही तोंड उघडू देता का?"

"आणि बांधावर अनवाणी का चालायचं, ते तू मला कधी विचारलंस?"

"विचारलं होतं. लहान होतो तेव्हा. थोबाडीत बसली."

वारा सुटला होता. खाली भात सळसळत होतं.

"मलाही बसली होती," धाकोजी म्हणाला.

अमावास्येला उधाण येणार होतं. वर्षातलं सगळ्यात मोठं पाणी, आणि तेही भर दुपारी. हातात आठवडा होता, म्हणजे वेळ पुष्कळ होता. तो कसा वाया घालवायचा, हे पारावरच्यांना चांगलं ठाऊक होतं. पहिला दिवस, बिळं कुठे आहेत ते सांगायला पोरांना पारावर बसू द्यावं की नाही यात गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, खेकडे काढणाऱ्यांना आधी दंड करा. होडीवर ते ऐकून पोरं म्हणाली, "करा दंड आणि बुजवा तुमची तुम्ही बिळं." तिसऱ्या दिवशी पारावरच्या सगळ्यात वयस्क माणसाने मान हलवली. "पितृपंधरवड्यात नवं काम काढू नये."

येसू पाराखाली पदर सावरून उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती बोलली.

"नवं कुठे, आजोबा? जुनंच बुजवायचंय. आणि पितरांनी बांधलेला बांध वाहून गेला, तर पितरांना घास कुठल्या भाताचा ठेवायचा?"

पारावर एकच बडबड सुरू झाली. कुणी तिचं माहेर काढलं, कुणी तिचे पाय.

तेव्हा धाकोजी पारावरून उतरला. काठी टेकत, वाळूत थांबत थांबत तो होडीपाशी गेला आणि पोरांच्या मध्ये जाऊन बसला. नेहमीसारखी सगळी पोरं मुकी झाली.

"बाहेरच्या निळ्या चिकणमातीत पेंढा किती घालायचा आणि ती किती कुटायची, हे मला येतं," तो म्हणाला. "बिळं कुठे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या एकट्याच्या माहितीने बांध राहत नाही, तुमच्या एकट्यांच्या माहितीनेही राहत नाही. दंडबिंड काही नाही. बोला."

मग गोमा म्हणाला, "पश्चिमेचं मोठं माझं."

"पाणी सोडायच्या दाराजवळची, उघाडीजवळची दोन माझी," दुसरा म्हणाला.

"मधलं कुणाचं?"

"अर्धं माझं, अर्धं त्याचं. खेकडा वाटून घेतला होता."

हसू फुटलं आणि मग बिळं भराभर सापडत गेली. तरुणांनी खणायचं, म्हाताऱ्यांनी मळलेली माती चिमटीत धरून 'अजून कुटा' म्हणायचं. आधी दोन म्हातारे आले, मग पाच, आणि शेवटी तो सगळ्यात वयस्कही आला. मला इथलं ऊन सोसत नाही असं सांगत तो संध्याकाळपर्यंत उन्हात उभा राहिला. बुजवलेल्या जागेवर येसू अनवाणी फिरे आणि सांगे, "इथे अजून गार आहे."

अमावास्येची दुपार आली. पाणी चढलं, बांधाच्या कडेला लागलं, तिथेच बराच वेळ उभं राहिलं. सगळं गाव बांधावर होतं. कुणाच्याही पायात काही नव्हतं.

पश्चिम टोकाला शेवटच्या बिळात माती भरून झाली होती, पण ती कुटायला वेळ पुरला नव्हता. भांडणात गेलेले तीन दिवस तिथून बाहेर आले. मनगटाएवढी धार फुटली आणि येसूच्या शेतात शिरली. गोमाने धारेला पाठ लावली, त्याच्या मागे चार जणांनी, आणि धाकोजी वरून ओरडत राहिला, "पेंढा आधी! माती मागून!" पाणी उतरेपर्यंत ते तसेच राहिले.

बांध टिकला. येसूच्या शेताचा एक कोपरा खारावला, तीन पावसाळ्यांसाठी. बाकी पीक घरात आलं. दिवाळीच्या आधी गलबतही आलं. वाऱ्याने ते दुसऱ्याच बंदराला नेलं होतं. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, "पायगुणाची हो पोर!" येसूला त्याचंही हसू आलं. पाय तेच होते.

तेव्हापासून त्या गावात एक रीत पडली. दर अष्टमीच्या ओहोटीला एक पिकल्या केसांचा आणि एक काळ्या केसांचा असे जोडीने बांधावर अनवाणी चालतात. धाकट्याने विचारायचं, थोरल्याने सांगायचं. थोरल्याने विचारायचं, धाकट्याने सांगायचं. 'माहीत नाही' हे उत्तर चालतं. 'विचारू नको' हे चालत नाही.

तात्पर्य: जिथे धाकट्यांना विचारता येत नाही आणि थोरल्यांना ऐकून घेता येत नाही, त्या गावाचा बांध समुद्राच्या आधी गावच फोडतं.

आता एवढंच राहिलं. बांधाबाहेरची तिवरं होती तोवर खेकडे बांधात आले नव्हते, हे आज त्या गावात लहान मूलही सांगतं. पारावरच्या मांडवाचे खांब तिवराचे आहेत. ती झाडं कुणाच्या सांगण्यावरून तुटली, हे येसूने त्या पाराला विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.