तक्रार न करणारं गाव

शेवंतगड संस्थानच्या भर दरबारात दिवाण रंभाजीरावांनी अर्जांचं गाठोडं धाडकन आपटलं, तशी संस्थानच्या शाळा सांभाळणाऱ्या द्वारकाबाई सरसावून बसल्या.

"महाराज, आपण शाळांवर पाण्यासारखा पैसा ओततो, आणि पीक काय आलं? हे बघा! शाळा असलेल्या गावांतून नुसत्या तक्रारी. विहीर खचली, पूल मोडला, कारकून छळतो! आमच्या बोरखेडीत शाळाच नाही, तर तिथून आजवर एक चिठ्ठी नाही. लोक कसे सुखात आहेत! शाळा बंद करा."

महाराजांनी मान डोलावली. त्यांचा हात शिक्क्याकडे गेला मात्र, द्वारकाबाई ताडकन उठल्या.

"दिवाणसाहेबांचं खरं आहे, महाराज! एवढं सुखी गाव असताना त्यांनी इथल्या कटकटीत का राहावं? त्यांचं बिऱ्हाड बोरखेडीला हलवा."

"वा! आजच निघा," महाराज खूश होऊन म्हणाले.

दिवाण धडपडत पुढे आले. "बोरखेडीला? महाराज, तिथल्या विहिरीत किडे आहेत! रस्ता नाही, वैद्य नाही, दर पावसाळ्यात माणसं तापानं मरतात!"



द्वारकाबाईंनी हात जोडले, पण आवाजातला आनंद काही लपेना. "लिहून घ्या, महाराज! बोरखेडीची पहिली तक्रार आली. तिथं राहायची पाळी एका शिकलेल्या माणसावर आली, तेव्हा कुठे ती आपल्या कानांवर पडली."

महाराजांनी शिक्का उचलला आणि मारला तो बोरखेडीच्या नव्या शाळेच्या हुकमावर. विहीर उपसून घ्यायला मात्र दिवाणसाहेबांनाच धाडलं.