गुणाप्पाचा दीर्घ मुदतीचा बर्फ

एका गावात एक भोळा बर्फवाला होता. नाव गुणाप्पा. सांगाल ते करायचा, हीच त्याची खोड. बायको कलावती भाड्याच्या खोलीला विटली होती. स्वतःचं घर व्हावं म्हणून तिने त्याला जुना प्लॉट विकायला लावला आणि करसल्लागार हुपरीकरांकडे पिटाळलं.

हुपरीकर म्हणाले, "गुणाप्पा, तू माल दोन वर्षांहून जास्त धरून ठेवलास, मग विकलास. म्हणून हा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. त्यात सवलत असते. आता प्लॉटचे सगळे पैसे नव्या घरात घाल, म्हणजे त्या नफ्यावर कर नाही."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात रसवंतीवाला आला.

"गुणाप्पा, बर्फ दे."

"आत्ता नाही. दोन वर्षांनी ये."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या लादीचं पाणी झालं.

कलावतीने कपाळ बडवलं. "अहो, दारात आलं की भुसा टाकायचा, गोणपाटाने झाकायचं, आणि वितळायच्या आत विकून मोकळं व्हायचं!"

"असं आधी सांगायचं नाही का?"

मग सासरे आले, घामाने निथळत. गुणाप्पाने त्यांना आडवं केलं, भुसा टाकला, गोणपाट झाकलं. कलावती बाजारातून येते तो ढिगातून शिंका!

"अहो, हे काय?"

"निम्मे वितळलेत बघ. रसवंतीवाल्याला विचारलं, तर फुकटसुद्धा नको म्हणतो."

"अहो, माणसं विकतात का? वस्तू विकायची, वस्तू!"

"वस्तू. बरं."

पुढच्या महिन्यात प्लॉटच्या सगळ्या पैशांत टुमदार घर घेतलं. चारच दिवसांनी चांगला मुहूर्त होता. कलावती नवी शेगडी मांडून दूध उतू घालायला बसली. दूध वर आलं, आणि दारात टेम्पो थांबला. आतून गाद्या, कपाट आणि एक अनोळखी गृहस्थ उतरले.

"वहिनी, तुमचं दूध झालं की आमचं ठेवतो."

कलावतीने गुणाप्पाला दंडाला धरून हुपरीकरांसमोर उभं केलं.

हुपरीकर किंचाळले, "अरे, ते घर तीन वर्षं विकायचं नसतं! माफ झालेला कर पुन्हा डोक्यावर बसला! वर या घरावर नफा झाला असेल, तर तो अल्प मुदतीचा!"

"नफा कुठला साहेब? घेतलं त्याच्या निम्म्यात दिलं."

"निम्म्यात? का रे बाबा?"

गुणाप्पा त्यांच्या कानाशी वाकला.

"मोरीच्या भिंतीला ओल आली होती, साहेब. वितळायला लागलं होतं!"