छाप आणि राख

एकदा एका खाडीकाठी एक वृद्ध नौकाकार राहत असे. त्या प्रदेशाची जुनी रीत अशी, की नवी होडी पाण्यात लोटताना तळाशी कोरडी राख पसरायची. पैलतीरी राख कोरडीच राहिली, तर होडी उत्तम. पुढे हा वृद्ध तापल्या लोखंडाने होडीवर जो छाप उमटवी, त्याची कीर्ती वाढली आणि लोकांनी राख पसरणेच सोडून दिले. आळसाला आयते निमित्त मिळाले, दुसरे काय!

त्याच्याकडे शिक्षण पूर्ण करणाऱ्या शिष्याच्याच होडीला तो छाप मिळे. एक शिष्य आईच्या आजारपणामुळे मध्येच घरी परतला होता. त्याने स्वतः बांधलेली होडी घेऊन तो बंदरावरच्या व्यापाऱ्याकडे काम मागायला गेला. व्यापाऱ्याने होडीकडे पाहिलेही नाही. "छाप नाही? मग काम नाही."

शिष्य गुरूकडे आला. "आचार्य, एवढा छाप द्या. घरात चूल पेटायची पंचाईत झाली आहे."

वृद्धाने व्यापाऱ्याला बोलावणे धाडले. तो येताच एका नव्या, रंगवलेल्या होडीवर त्याच्यादेखत छाप उमटवला आणि म्हणाला, "बसा, शेठजी."

व्यापारी ऐटीत बसला. होडी उथळ पाण्यात सरकते न सरकते, तोच त्याची पावले भिजली. तो ओरडत काठावर आला, "हिच्या फटी भरलेल्याच नाहीत!"

"नाहीतच," वृद्ध म्हणाला. "छाप मात्र अस्सल आहे. छापाला नुसते लोखंड तापवावे लागते, शेठजी. हा कुठे शिकला, किती शिकला, हे तुम्ही विचारलेत. पाणी यातले काही विचारत नाही. ते फक्त फट शोधते."

मग त्याने ते तप्त लोखंड शिष्यापुढे धरले. "घे. हवा तर उमटव."

शिष्याला घरची थंड चूल आठवली. तरीही त्याने मान हलवली. "नको, आचार्य. मला राख द्या."

त्याने आपल्या होडीत राख पसरली. व्यापारी चढू लागला, तेव्हा म्हणाला, "आधी पाय पुसा, शेठजी."

व्यापाऱ्याने निमूटपणे पाय पुसले. पैलतीरी त्याने वाकून राख चिमटीत धरली. ती वाऱ्यावर उडून गेली.

"उद्यापासून कामावर ये."

"येईन. पण यापुढे प्रत्येक होडीत राख पडेल. छापाच्यासुद्धा."

उमेदवाराची पदवी आधी मागणाऱ्यांनो, तुमच्या कचेरीत मूठभर राख आहे का?