माडीखालच्या भिंती

कोल्हापुरात रणधीरराव इंगवले नावाचे एक सरकार होते. गाडी फक्त बाजारातून मिरवायची, पण इंजिन गावात सगळ्यांत मोठं हवं; डोकं आहे तेवढंच राहिलं तरी चालेल.

‘‘सिलिंडर आतून तासून रुंद कर,’’ ते मालन मिस्त्रीवर गरजले, ‘‘नाहीतर माझ्या माडीखालचं गॅरेज उद्याच रिकामं कर!’’

‘‘सिलिंडरची भिंत पातळ होऊन फुटेल, सरकार. त्यापेक्षा पिस्टनची धाव लांबवू, इंजिन तेवढंच मोठं होईल.’’

‘‘भिंतीचं मला सांगू नकोस!’’

‘‘बरं. मग आधी गॅरेजच्याच भिंती आतून तासून जागा रुंद करते. तुम्ही वर खुशाल झोपा. सकाळी धड उठलात, की लगेच सिलिंडर तासते.’’

‘‘खुळी काय गं? माडी कोसळेल की!’’

मालनने सिलिंडरकडे बोट दाखवलं.

सरकार खाकरले. ‘‘पिस्टनची धाव लांबव. मघापासून मी तेच तर सांगतोय!’’