खिडकीचं भाडं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या काळच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. एका तळ्याच्या काठी एक लहानसं नगर होतं. तिथे भाडं ठरवायची रीत मोठी गमतीची होती. खोली किती लांबरुंद, हे कुणी विचारत नसे. तळ्याकडे खिडक्या किती, एवढंच मोजायचं. बिनखिडकीच्या खोलीचं भाडं नावापुरतं. आणखी एक नियम होता: भाडेकरूने खिडकी बुजवायला सांगितली, तर मालकाने तिचं भाडं सोडायचं, पण त्याला घराबाहेर काढायचं नाही. नियम होता खरा, पण आपणहून खिडकी सोडणारा शहाणा त्या नगरात अजून जन्मला नव्हता.

विसूशेटच्या घरात पुढच्या खोलीत तुळसा राहायची. एकटी बाई. तळ्यातलं लव्हाळं कापून आणायची आणि चटया विणायची. लव्हाळं ओलं असेतो हवं तसं वळतं, वाळलं की काडकन मोडतं. म्हणून तिला पाण्याजवळच राहणं भाग होतं.

पुढे राजधानीतल्या श्रीमंतांना या तळ्याच्या वाऱ्याची गोडी लागली. मालकांचे डोळे चमकले.

"तुळसाबाई," विसूशेट म्हणाले, "पाडव्यापासून खिडकीला दुप्पट भाडं."

"शेट, बारा वर्षं राहते मी इथं. एवढं कुठून आणू?"

"मग टेकडीपलीकडे बघा. तिकडे स्वस्त आहे."

तुळसा डोक्यावर लव्हाळ्याचा भारा घेऊन टेकडीपलीकडे गेली. खोली स्वस्त होती, मोठीही होती. पण भारा उतरवून बघते तो काय, उन्हाने लव्हाळं वाळून कडकडीत झालेलं! तिथे राहायचं म्हणजे विणकाम सुटलं. आईने हाताला धरून शिकवलेली एकुलती एक विद्या ती. बिचारी तिथेच बसून रडली.

दुसऱ्या दिवशी मात्र ती डोळे पुसून विसूशेटपुढे उभी राहिली.

"शेट, माझ्या दोन्ही खिडक्या बुजवा. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून रोज बघते मी तळं. खिडकीतून आणखी काय बघायचं?"

विसूशेटना असा राग आला म्हणता! पण नियम पडला आडवा. त्यांनी त्याच दिवशी गवंडी बोलावला. आठ दिवसांत अंधाराला कंटाळून बाई आपसूक जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

तुळसा कसली जाते? ती ओट्यावर उजेडात बसून विणू लागली. आणि गंमत बघा, खोलीत वारा नाही म्हटल्यावर लव्हाळं दोन-दोन दिवस ओलं राहू लागलं. तिच्या चटया पूर्वीपेक्षा सुबक होऊ लागल्या. ते पाहून गल्लीतल्या कोष्ट्याने खिडकी बुजवली, कुंभारणीने बुजवली. परवडत नव्हतं ते सगळेच खिडक्या सोडू लागले.

तेवढ्यात चैत्राचं ऊन तापलं. विसूशेटचं माजघर तुळसाच्या खोलीमागे होतं. मधल्या भिंतीला एक झरोका होता, त्यातून इतकी वर्षं गार झुळूक यायची. आता पानही हलेना. शेट घामाने निथळले. माठातलं पाणी गार होईना, दूध नासू लागलं.

शेवटी शेटाणी कडाडल्या, "अहो, वारा त्या बाईच्या खिडकीतून येत होता! तिची खिडकी बुजवलीत आणि गुदमरलो आपण. जा आता, माफी मागा तिची."

विसूशेट खाली मान घालून ओट्यावर आले. "तुळसाबाई, खिडक्या फोडू का? भाडं पूर्वीचंच द्या."

"एकच फोडा," तुळसा हसून म्हणाली. "दुसरी राहू दे, त्या कोपऱ्यात लव्हाळं ओलं राहतं. आणि भाडंही एकाच खिडकीचं हं!"

शेटनी गवंड्याची वाट न बघता स्वतःच पहार हाती घेतली. चार घाव बसले नि वारा खोलीतून थेट माजघरात शिरला. शेटाणींनी डोळे मिटून तो अंगावर घेतला. ओट्यावर तुळसाने नवी चटई विणायला घेतली. आता कुठे जायला नको, या विचाराने तिचा ऊर भरून आला.

खिडक्या बुजल्यावर बाकीच्या मालकांचीही उकाड्याने तीच गत झाली होती. म्हणून पुढच्या पाडव्याला सगळ्या मालकांनी मिळून ठरवलं, की गावात राबणाऱ्या माणसाला झेपेल तेवढंच भाडं घ्यायचं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, सांगायचं ते इतकंच: कष्टकऱ्याला परवडेल अशी जागा ज्या घरात असते, त्याच घरात मालकालाही सुखाचा श्वास घेता येतो.